टाके काढले म्हणून ऑपरेशन संपत नाही

“सिस्टर, मी 46 वर्षांची आहे. भांडुपला राहते, प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. आठ महिन्यांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये थायरॉइडच्या गाठींचं ऑपरेशन झालं, पूर्ण ग्रंथी काढली. गाठी साध्या होत्या असं तोंडी सांगितलं. शुद्धीवर आल्यापासून माझा आवाज बसलेला आहे. आधी म्हणाले, घशात नळी घातली होती म्हणून, आठवड्यात येईल. मग म्हणाले, महिना लागेल. तिसऱ्या खेपेला जखम बघून म्हणाले, ‘माझ्या बाजूने सगळं छान आहे, आता यायची गरज नाही.’ अजून आवाज फाटका आहे, बोलताना हवाच जास्त निघते. चहा पिताना ठसका लागतो. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. दोनदा परत गेले तर काउंटरवरच्या मुलीने ‘सर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आहेत, टेन्शन घेऊ नका’ म्हणून पाठवून दिलं. फॅमिली डॉक्टर म्हणतात, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा. घरचे म्हणतात, गाठ गेली, जीव वाचला, आता किती दिवस तेच उगाळणार? वर्गातली मुलं म्हणतात, ‘बाई, मोठ्याने सांगा ना.’ मला पैसे नकोत, भांडण नको. काय झालं ते कोणीतरी समोर बसवून सांगावं, एवढंच. मी किरकिर करतेय का?”
— एक शिक्षिका, भांडुप

ताई,

तुम्ही किरकिर करत नाही आहात. पण त्याविषयी आणि आवाजाविषयी नंतर बोलते, आधी मुंग्यांचं बघू. तुमच्या पत्रात तो एका ओळीचा विषय आहे, माझ्या दृष्टीने सगळ्यात घाईचा तोच आहे.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार छोट्या ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. पूर्ण थायरॉइड काढताना त्यांना धक्का लागू शकतो, त्यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो, एखादी गाठीबरोबर निघूनही जाते. असं ऑपरेशन झालेल्या साधारण चार-पाच जणींत एकीचं कॅल्शियम काही दिवस किंवा काही आठवडे खाली येतं आणि बहुतेकींचं सावरतं. मोजक्या जणींचं सावरत नाही. त्यांना रोज कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचं औषध घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की त्या नीट राहतात. ओठांभोवती आणि बोटांना येणाऱ्या मुंग्या ही त्याचीच खूण असू शकते. तुमचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले आहेत, तेव्हा ‘येईल आपोआप’ म्हणत बसायची वेळ गेली.

उद्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. ‘सर्जनना विचारा’ असं ते पुन्हा म्हणाले तर म्हणा, “सर्जनचं मी बघते, तुम्ही मला फक्त रक्ताची चिठ्ठी द्या.” चिठ्ठीवर सिरम कॅल्शियम, अल्ब्युमिन, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी, पीटीएच आणि टीएसएच एवढ्या तपासण्या हव्यात. या कोणत्याही बऱ्या लॅबमध्ये होतात. रिपोर्ट यायच्या आधीच हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटायला लागली, घसा आवळल्यासारखा झाला किंवा झटका आला, तर कोणाच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि दारातच सांगायचं, “थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, कॅल्शियम कमी झालं असेल.” तेवढ्या एका वाक्याने तिथला अर्धा तास वाचतो.

आणखी एक विचारते. सकाळची थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी तुम्ही एकदमच घेता का? आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या कितीतरी बायका घ्यायच्या. गोळ्यांचा एकच स्टीलचा डबा, सकाळच्या चहाबरोबर त्यातल्या सगळ्या गोळ्या, की कामाला लागायला मोकळ्या. पण कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अंगात शिरू देत नाही. थायरॉइडची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी, जेवणानंतर. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे काही प्रकारचं कॅल्शियम नीट लागू पडत नाही. डिस्चार्जच्या कागदावर यातलं बहुतेक लिहिलेलं नसतं, आणि तोंडी सांगायला तिथे कोणाला वेळ नसतो.

आता आवाज.

स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या हलवणाऱ्या दोन नसा थायरॉइडच्या अगदी मागून, श्वासनळी आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून वर जातात. दोऱ्यासारख्या बारीक असतात. ऑपरेशनमध्ये त्यातली एखादी ताणली गेली, भाजली गेली किंवा कापली गेली, तर त्या बाजूची पट्टी हलायची थांबते. मग बोलताना दोन पट्ट्या एकमेकींना भेटत नाहीत, मधून हवा निसटते, आणि गिळतानाही दार पूर्ण बंद होत नाही म्हणून पातळ पदार्थांचा ठसका लागतो. तुम्ही लिहिलेली ‘हवाच जास्त निघते’ आणि ‘चहाचा ठसका’ ही दोन्ही वाक्यं याच्याशी जुळतात. नळीमुळे बसलेला आवाज काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुटतो. आठ महिने नळीवर ढकलणं बरोबर नाही.

याचं निदान अवघड नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून दोन मिनिटांत सांगतात की पट्टी हलते की नाही. ही तपासणी तुम्हाला दुसऱ्या महिन्यातच सांगायला हवी होती. तरी वेळ गेलेली नाही. ताणली गेलेली नस सावरायला वर्षभर लागू शकतं, आणि नाहीच सावरली तरी उपाय आहेत. आवाजाचे व्यायाम आहेत, हलत नसलेली पट्टी इंजेक्शनने फुगवून मध्ये आणता येते, आणि पुढे गरज पडली तर तिला कायमची मध्ये सरकवायचं छोटं ऑपरेशनही आहे. खासगीत जायचं नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत ईएनटीची ओपीडी आहे. नायरला वाचा-उपचारांचाही विभाग आहे, आणि वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. सकाळी लवकर केस पेपर काढा, सोबत डिस्चार्ज कार्ड न्या, आणि ईएनटीच्या डॉक्टरांना ‘आवाज बसलाय’ एवढंच सांगू नका. “मी दिवसाला पाच तास चाळीस मुलांसमोर बोलते, माझी नोकरी आवाजावर आहे” असं सांगा. पट्ट्या हलतात की नाही हे लिहिलेला रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय उठू नका.

शाळेत मुख्याध्यापकांना सांगून तोवर एक छोटा माइक कमरेला लावा. दादरच्या बाजारात मिळतात. ताणून ताणून बोललात तर उरलेला आवाजही जाईल.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. हे तुम्हाला कोणी सांगितलं का नाही?

मी पालिकेच्या रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होते. हजारो डिस्चार्ज कार्डं माझ्या हातून गेली. त्यातल्या शेवटच्या ओळीवर बहुतेक वेळा एकच गोष्ट असायची, ‘फॉलोअप एसओएस’. म्हणजे गरज वाटली तर या. पण गरज वाटायला काय काय झालं पाहिजे, ते कार्डावर कुठेच नसायचं. मुंग्या आल्या तर या, ठसका लागला तर या, तीन आठवड्यांनी आवाज तसाच असेल तर या, असं लिहायला चार ओळी पुरतात. त्या चार ओळी मीही लिहून घेतल्या नाहीत. वॉर्डात पलंग रिकामा व्हायची वाट बघत जमिनीवर दुसरा पेशंट झोपलेला असायचा.

याची किंमत मला घरातच मोजावी लागली. माझ्या धाकट्या भावाचं किडनी स्टोनचं ऑपरेशन एका खासगी रुग्णालयात झालं. किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी घातली होती, स्टेंट. ती काही आठवड्यांनी काढायची असते. कार्डावर तसं लिहिलेलं होतं, इंग्रजीत, औषधांच्या यादीच्या खाली, बॉलपेनची शाई संपत आल्यावर येतं तसल्या अक्षरात. तो छापखान्यात काम करायचा. दुखायचं थांबलं म्हणून परत गेला नाही. रुग्णालयातून त्याला एकही फोन आला नाही. बिलाचे उरलेले पैसे भरा म्हणून मात्र दोन फोन आले. दीड वर्षाने ताप आणि रक्त घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्या नळीवरच खडे चढलेले होते. आणखी तीन ऑपरेशनं झाली. मी कार्ड हातात घेऊन बसले होते आणि विचार करत होते की हा कागद मीसुद्धा दीड वर्षांत एकदा नीट वाचला नाही. आम्ही जाब विचारायला गेलो तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं ते, “पेशंट फॉलोअपला आलाच नाही.” खरं होतं. पण नळी कोणाच्या पोटात आहे आणि कधी काढायची, याची वही त्यांच्याकडे नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमचा अनुभव एका माणसाच्या वाईट स्वभावातून आलेला नाही. तुमचे सर्जन बहुधा तीन-चार नर्सिंग होमना जोडलेले असतील. ऑपरेशन एकीकडे, बसतात दुसरीकडे, कागद तिसरीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची तपासयादी आणली. ती चांगली आहे, तिने जीव वाचतात. पण तिचा शेवटचा टप्पा पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी संपतो. मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतीवर डॉक्टरांची बैठक होते. तिथेही तिसऱ्या महिन्यात घरी बसून खोकणाऱ्या बाईचा विषय येत नाही, कारण ती परत आलेलीच नसते, किंवा आली तर काउंटरवरून गेलेली असते. सर्जनच्या मनातल्या हिशेबात तुमचं ऑपरेशन यशस्वी आहे. किती जणींचा आवाज गेला हे मोजून कुठे कळवायची सक्ती आपल्याकडे खासगी सर्जनवर नाही. मोजलंच नाही तर सुधारणार काय?

माणसं किती सहज हरवतात याचं एक मोठं उदाहरण सगळ्यांसमोर झालं. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यातून धातूचे कण रक्तात उतरत होते. भारतात तो सुमारे 4,700 ऑपरेशनांत बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) तक्रार नोंदवली, केंद्राने 2017 साली समिती नेमली, 2018 मध्ये 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत भरपाई ठरली. पण ती द्यायला गेले तेव्हा बहुसंख्य रुग्ण सापडेचनात. ज्यांच्या अंगात तो धातू होता, ते कोण आणि कुठे राहतात हे कोणाकडे धड लिहिलेलं नव्हतं. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांनो, अंगात खुबा, गुडघा, जाळी, स्टेंट काहीही बसवलं असेल तर त्याच्या खोक्यावरचा नंबराचा स्टिकर मागून घ्या आणि रेशन कार्डाशेजारी ठेवा. अशा वस्तूंमुळे त्रास झाला तर तो नोंदवायला 2015 पासून भारतीय फार्माकोपिया आयोगाची व्यवस्था आहे, नंबर 1800-180-3024. रुग्णही स्वतः फोन करू शकतो.)

ताई, तुमच्यासाठी यातून निघणारं काम एकच, ते म्हणजे कागद गोळा करणं. तुम्ही दोनदा काउंटरवर जाऊन परत आलात याचा आज काहीही पुरावा नाही. उद्या त्यांच्या कागदावर ‘पेशंट आल्या नाहीत’ असं असू शकतं.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. त्यानुसार रुग्णाने मागितले तर त्याचे कागद 72 तासांत द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. नर्सिंग होमला लेखी अर्ज द्या. इनडोअर पेपर, ऑपरेशन नोट, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोट, संमतीपत्र, नर्सिंगच्या नोंदी, सगळे रक्ताचे रिपोर्ट आणि काढलेल्या ग्रंथीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (सूक्ष्मदर्शकाखाली तपासून गाठ साधी की कर्करोगाची ते सांगणारा), अशी नावं घालून मागा. नुसतं ‘फाइल द्या’ म्हटलं तर चार पानांची झेरॉक्स हातात ठेवतात. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर वाद न घालता खाली उतरा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. झेरॉक्सचे पैसे ते घेऊ शकतात, ते द्या. मेडिक्लेम केला असेल तर विमा कंपनीकडेही यातले बरेच कागद गेलेले असतात, तिथूनही मागता येतात.

हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आधी वाचून घ्या. ‘साध्या होत्या’ हे तुम्हाला तोंडी सांगितलंय. तो रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर पेशंट घरी गेलेला असतो, आणि न नेलेले असे रिपोर्ट मी लॅबच्या खिडकीत गठ्ठ्याने बघितले आहेत. तुमचा साधाच असेल. तरी तो तुमच्या घरात असला पाहिजे.

ऑपरेशन नोटमध्ये त्या दोन नसांचा उल्लेख शोधा. नस ओळखली आणि जपली, असं बहुधा इंग्रजीत लिहिलेलं असेल. ते एका बाजूचं आहे की दोन्ही, आणि त्या छोट्या ग्रंथींबद्दल काही लिहिलंय का, हे ईएनटीच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनच्या आधी स्वरयंत्राची तपासणी केली होती का, तेही बघा.

मग संमतीपत्र. ते तुम्ही कधी सही केलं, आठवतं का? माझा अंदाज, भरतीच्या काउंटरवर, डिपॉझिटच्या पावतीबरोबर, इंग्रजीत छापलेलं, जिथे फुली मारली होती तिथे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट सांगितलं आहे की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, महत्त्वाचे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल, हे रुग्णाला कळेल असं सांगितलेलं असलं पाहिजे. लाखात एकाला होणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे असं नाही. पण थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस कायमची जाणं अनुभवी हातांतही शंभरात एक-दोघांना होतं, आणि समोर बसलेली बाई शिक्षिका आहे. मग तिला ते सांगायलाच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

इथे तुम्हाला एक न आवडणारी गोष्टही सांगते. नस दुखावली म्हणजे डॉक्टर चुकले, असं आपोआप सिद्ध होत नाही. उत्तम सर्जनच्या हातूनही हे होतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या रात्री झोप न लागलेले सर्जनही बघितलेत. त्यातले जे खरे मोठे होते ते दुसऱ्या दिवशी राउंडला येऊन पलंगावर बसायचे आणि म्हणायचे, “मावशी, तुमच्या आवाजाची नस सुजली आहे, आपण तीन महिने बघू, दर महिन्याला मला दाखवायचं.” त्या मावश्या रडायच्या, चिडायच्याही, पण कोणी त्यांच्यावर केस केलेली मला आठवत नाही. ऑपरेशनमध्ये जे झालं ते दुर्दैव असू शकतं. त्यानंतर दुर्बिणीची तपासणी न सांगणं, मुंग्यांचं न विचारणं आणि काउंटरवरून परत पाठवणं यात दुर्दैवाचा काही संबंध नाही. त्याचा जाब तुम्ही मागू शकता.

तुम्हाला समोरासमोर उत्तर हवंय, तर तेच मागा, लेखी. असं काही लिहा:

“डॉक्टर, अमुक तारखेला आपण माझं थायरॉइडचं ऑपरेशन केलंत. तेव्हापासून आवाज गेलेला आहे, ठसका लागतो आणि मुंग्या येतात. अमुक आणि अमुक तारखेला मी आले होते, भेट झाली नाही. स्वरयंत्राच्या तपासणीचा आणि कॅल्शियमचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. हे कशामुळे झालं, बरं होईल का, किती दिवसांत, आणि पुढचे उपचार कोणाच्या देखरेखीखाली करायचे, हे समजून घ्यायला मला अर्धा तास वेळ द्यावा. पंधरा दिवसांत तारीख कळवावी.”

एवढंच. आरोप नको, धमकी नको. भेट मिळाली तर एकटीने जाऊ नका, प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि उत्तरं त्यांच्यासमोरच लिहून घ्या. माझा अनुभव असा की निम्मे डॉक्टर अशा पत्रानंतर बोलावतात. रिपोर्ट जोडलेला कागद टेबलावर आला की ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं कठीण जातं.

नाहीच बोलावलं तर पुढे काय, तेही माहीत असू द्या. खासगी नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे असते. 2021 मध्ये सुधारलेल्या राज्याच्या नियमांनुसार त्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. कागद देत नसतील तर ते ज्या वॉर्डात आहे तिथल्या पालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ थांबवू शकते, पण भरपाई देत नाही. निकाल सहा महिन्यांत द्यावा असा नियम आहे, प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो. भरपाई ग्राहक आयोग देतो. 1995 पासून पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्यात येतात. (जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात ते रुग्णालय यात येत नाही.) तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे उपनगर जिल्ह्याच्या वांद्र्याच्या आयोगात, दाद मागता येते. रुग्णालयाला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. तुमचे आठ महिने गेलेत. आज तुम्हाला पैसे नकोत, हे मला पटतं. पण उद्या आवाजाच्या ऑपरेशनचा खर्च आला, बिनपगारी रजा पडली, तर मत बदलू शकतं. म्हणून ती तारीख वहीत लिहून ठेवा. सल्ला हवा असेल तर विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत आहे, आणि 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पोलिसांत जा, असं कोणी शेजारी सांगेल. माझं मत विरुद्ध आहे. मुंबईतल्याच एका प्रकरणात, 1987 च्या ऑपरेशनबद्दलचा फौजदारी खटला 2013 साली सर्वोच्च न्यायालयात संपला. सर्जनने रुग्णाप्रती आपलं कर्तव्य पाळलं नाही हे न्यायालयाला मान्य होतं, मेडिकल कौन्सिलनेही ताकीद दिली होती, तरी तो फौजदारी गुन्हा ठरला नाही. सव्वीस वर्षं. तुम्हाला जे हवंय ते त्या रस्त्यावर मिळणार नाही.

आता घरच्यांबद्दल. ‘जीव वाचला ना’ हे वाक्य मी वॉर्डात रोज ऐकायचे, आणि ते बहुतेक वेळा बाईलाच सांगितलेलं असायचं. यजमानांवर रागावू नका. तेही घाबरलेले असतील, आणि पुन्हा ऑपरेशन हा शब्द त्यांना ऐकायचा नसेल. त्यांना वाद घालून पटवू नका, ईएनटीला सोबत घेऊन जा. हल्ली दुर्बिणीचं चित्र टीव्हीच्या पडद्यावर दिसतं. एक पट्टी हलतेय आणि दुसरी तशीच पडून आहे हे त्यांनी स्वतः बघितलं, तर घरी परतताना त्या वाक्याचा विषय निघणार नाही.

म्हणजे उद्या रक्त, या आठवड्यात ईएनटी, आणि ईएनटीला जाताना वाटेत नर्सिंग होमला कागदांचा अर्ज. कॅल्शियमचा आकडा 8.5 च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि मलाही कळवा. दुर्बिणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवलात तर सर्जनना द्यायचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.

तुमची,
सिस्टर